चाळिसाव्या सेकंदाला

"पाणीपुरवठा तक्रार विभाग. बोला, तक्रार काय?"

"पाणी येत नाहीये," ताई आवाज बदलून म्हणाल्या. जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली उभ्या राहून त्या मोबाइलवरून स्वतःच्याच टेबलाला फोन लावत होत्या. टेबल ज्युनियर सांभाळत होती. तिनं ओळखलं असतं तर ऑफिसभर हसं झालं असतं.

"होल्डवर राहा हं."

गाणं सुरू झालं. तीस वर्षांपूर्वीचं, चकचकीत, नको तितकं नटवलेलं. गिटारीवर गिटारी, त्यावर सिंथेसायझर, वर टाळ्या. कोरसला मात्र एकच मुलगी होती. रेकॉर्डिंगवाल्यानं ताईंना सोळा वेळा गायला लावून सोळा आवाज एकावर एक चढवले होते. आपल्या अंगात सोळाजणी आहेत, हे त्यांना त्या दिवशी कळलं. पुढे लग्न, ही नोकरी, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. कॅसेट केव्हाच गहाळ झाली. बावीस वर्षांपूर्वी होल्डच्या मशीनमध्ये गुपचूप भरलेली प्रत तेवढी उरली, आणि गंमत अशी, की होल्डवर ठेवणाऱ्याला ती ऐकूच येत नाही. आज पाच वाजता मशीन बदलणार होतं.

कोरस चाळिसाव्या सेकंदाला. पंचवीस, सव्वीस... ताईंनी श्वास रोखला.

"हं, पत्ता सांगा."

"परत होल्डवर ठेवा ना."

"आँ?"

"पत्ता... शोधते."

गाणं पुन्हा पहिल्यापासून. अठ्ठाविसाव्या सेकंदाला, "सापडला का?" तिसऱ्यांदाही तेच. तीस सेकंदांच्या वर माणसाला ताटकळत ठेवायचं नाही, हे ताईंनीच त्या पोरीकडून घोटून घेतलं होतं. आता बोलणार कुणाला? त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी फोन बंद केला.

जागेवर येऊन त्यांनी हेडफोन चढवला आणि दोन हात लांबीच्या वायरीला पुन्हा जुंपून घेतलं. टेबलावर चिठ्ठी होती: 'पाणी नाही. पत्ता दिला नाही. बाई एकट्या वाटतात, आधी बघावे.'

"जरा सटकलेली होती हो ताई," ज्युनियर म्हणाली, "पण जीव तुटला माझा."

ताईंनी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. पाचला पाच कमी असताना कुणा आजोबांचा फोन आला. मीटर बंद पडलं होतं.

"होल्डवर राहा हं, आजोबा."

लाल दिवा लुकलुकू लागला. ताई घड्याळाकडे बघत बसल्या. कानात काहीच नव्हतं.

"ताई, तीस झाले!"

"होऊ देत."

पस्तीस. अडतीस. चाळिसाव्याला ताईंचे ओठ आपसूक हलले. आजोबांनी फोन ठेवला नव्हता. दिवा लुकलुकतच होता.