सतरा नंबरचं झाकण

चेंगम्मासमोर साक्षात देव उभा राहिला तरी ती आधी त्याचे हात मोजेल, असं तिचा जोडीदार मस्तान म्हणायचा. त्यात थट्टा होती, तशी थोडी धास्तीही होती. तीस वर्षं चेंगम्मा यान उडवायच्या बेटावरच्या उंच मनोऱ्यावर लाल झाकणांचं काम करत होती आणि तिची मोजणी कधी चुकली नव्हती.

काम ऐकायला सोपं वाटतं. यानाच्या अंगावर हवेची छिद्रं असतात, वळण्यासाठीच्या चिमुकल्या इंजिनांची तोंडं असतात. समुद्रावरची वाळू किंवा एखादी घर करायला निघालेली गांधीलमाशी आत शिरू नये म्हणून उड्डाणाच्या दिवसापर्यंत प्रत्येक तोंडावर झाकण बसवतात. झाकणाला लाल फीत, फितीवर नंबर. या यानाला अठ्ठावीस होती. काढणाऱ्याने फीत ओढून नंबर पुकारायचा आणि झाकण ट्रेमध्ये ठेवायचं, दुसऱ्याने यादीवर खूण करायची. अठ्ठावीस भरली की सही, आणि मग मनोरा रुळांवरून मागे सरकायचा. सोपं आहे म्हणूनच ते सगळ्यांना जमत नाही.

यानात माणूस नव्हता. खुर्चीत माणसाच्या वजनाचा पुतळा बांधला होता. पण हे यान नीट गेलं आणि नीट परत आलं, तर पुढच्या खेपेला त्याच खुर्चीत जिवंत माणूस बसणार होता. चेंगम्माच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. माणसाच्या यानाची झाकणं आपल्या हाताने काढायची आणि मगच घरी बसायचं, एवढं एकच मागणं तिने देवीपुढे ठेवलं होतं.

मनोऱ्याचा एक नियम होता. ज्याच्या हातून मोजणी चुकली, त्याने पुन्हा मनोरा चढायचा नाही. मग तो कितीही जुना असो. या नियमाने दोघांना खाली पाठवलं, तेव्हा चेंगम्माने स्वतः मान डोलावली होती.

उड्डाण शुक्रवारी दुपारी चारला होतं. झाकणं काढायला वेळापत्रकाने सकाळी साडेदहाची वेळ दिली होती. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ असतो, पण संगणकाला राहुकाळ कुठला! माणसांना मात्र असतो, आणि त्यावरचा तोडगाही माणसांपाशी असतो. काम टाळता येत नसेल तर राहुकाळ लागायच्या आत त्यातलं चिमूटभर उरकून घ्यायचं. मुहूर्त साधला, मग राहूने बसावं हात चोळत. घर बदलणारी माणसं नाही का, आदल्या दिवशीच मिठाची बरणी नव्या घरात ठेवून येत?

तशी चेंगम्मा दहा वाजून वीस मिनिटांनीच यानापाशी गेली. सतरा नंबर हाताशी होता. तिने त्याचं झाकण काढलं आणि ॲप्रनच्या खिशात ठेवलं. वारा वाळू उडवत होता. तोंड उघडं कसं ठेवायचं, म्हणून तिने दुसऱ्या खिशातलं सरावाचं झाकण त्यावर दाबून बसवलं. खऱ्या झाकणांत मिसळू नयेत म्हणून सरावाच्या झाकणांच्या फिती कापून टाकलेल्या असतात.

"झालं का गं अक्का, तुझ्या राहूचं?" यादी घेऊन उभ्या असलेल्या मस्तानने विचारलं. "एवढा जिना चढून तो येईल तरी का?"

"तू आलास ना चढून? मग त्याला काय धाड भरलीय?"

साडेदहाला काम सुरू झालं. चेंगम्मा फीत ओढायची, नंबर पुकारायची. मस्तान खूण करायचा. सतराव्याच्या वेळी तिने खिशातलं झाकण काढलं, "सतरा!" म्हणून ट्रेमध्ये ठेवलं आणि सरावाच्या झाकणाकडे हात नेला. तेवढ्यात वरचा कर्णा खरखरला. वारा वाढतोय, मनोरा दहा मिनिटं आधी मागे घ्यायचा आहे, हात चालवा. "अक्का, अठरा," मस्तान म्हणाला, आणि तिचा हात अठराकडे गेला.

अठ्ठावीस भरली. सही झाली. मनोरा मागे सरकला आणि यान उन्हात एकटं उभं राहिलं. तीस वर्षं बघूनही त्या क्षणी चेंगम्माचा ऊर भरून यायचा, तसा आजही आला.

दुपारी सव्वा वाजता ती शेडमध्ये जेवायला बसली. मस्तान कोपऱ्यात नमाज आटोपून आला आणि तिच्या डब्यातला पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, न विचारता आपल्या डब्याच्या झाकणात काढून घेऊ लागला. चेंगम्माने ॲप्रन काढला, घडी घालायच्या आधी सवयीने खिसे चाचपले. एक रिकामा होता. दुसराही रिकामा होता. दुसरा रिकामा असायला नको होता.



"मस्तान, सतरावर सरावाचं झाकण राहिलंय."

मस्तानचा घास हातातच राहिला. "पण अठ्ठावीस भरलीत की! मी स्वतः खुणा केल्यात."

"भरणारच. सतरावं मी खिशातून दिलं."

यादी बरोबर होती, सही बरोबर होती आणि यान चुकीचं होतं. सतरा नंबरचं तोंड परतीच्या वाटेवर कामाला येतं. पॅराशूट उघडण्याआधी यानाला सरळ करणाऱ्या इंजिनांपैकी ते एक. कदाचित आतल्या जोराने झाकण उडून जाईल. कदाचित नाही जाणार. यान वेडंवाकडं समुद्रात आपटलं तरी तो दोष कोणाचा हे कोणालाही कधीच कळणार नव्हतं. जगात हे दोघांनाच माहीत होतं, आणि दुसरा तोंड उघडणाऱ्यातला नव्हता.

"अक्का, ऐक," मस्तान खालच्या आवाजात म्हणाला. "मी सांगतो, माझ्या हातून राहिलं. माझी अजून पंधरा वर्षं आहेत, मला कुठंतरी गोदामात टाकतील. तू पुढचं यान कर. तुझं तेवढंच तर मागणं आहे."

चेंगम्माला भडभडून आलं. या पोराच्या आईने, मावश्यांनी त्याला काय खाऊ घालून वाढवलं असेल असं तिला वाटलं. पण तोंडाने ती म्हणाली, "गाढवा, पुढच्या यानाची पहिली मोजणीच खोटी करू? वेळ बघ किती झालीय."

"एक पंचवीस."

दोनला इंधन भरायला सुरुवात होणार होती. त्यानंतर यानाजवळ कोणालाही जाता येत नाही. आणि उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होत होता. आज सहाच्या आत उड्डाण झालं नाही तर तीन आठवडे थांबावं लागणार होतं.

प्रत्येक शेडमध्ये एक हिरवा फोन असतो. पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत कोणीही तो उचलावा, 'थांबा' म्हणावं आणि आपलं नाव सांगावं, घड्याळ थांबतं. चेंगम्माने तो उचलला.

"थांबा. मी चेंगम्मा, मनोऱ्यावरची. सतरा नंबरवर एक झाकण राहिलंय."

नियंत्रण कक्षातलं उलटं चालणारं घड्याळ थांबलं. दोनशे माणसांच्या कानांत तिचा आवाज गेला होता. मोहिमेचे संचालक सोमयाजुलू पलीकडून बोलले, "चेंगम्मागारू, यादीत अठ्ठावीसच्या अठ्ठावीस आहेत."

"आहेत, सार. ट्रेमधलं सतरावं मी साडेदहाच्या आधीच काढलं होतं. राहुकाळ लागायच्या आत. त्याच्या जागी सरावाचं बसवलं, ते काढायचं राहिलं. मस्तानचा काही दोष नाही."

कक्षात कोणीतरी फिस्सकन हसलं.

"आज राहुकाळ बघून जो घरातून लवकर निघाला नाही, त्याने खुशाल हसावं," सोमयाजुलू म्हणाले. पुन्हा कोणी हसलं नाही. "खात्री आहे तुम्हाला?"

"आहे, सार."

"तुम्हीच बसवलंत, तुम्हीच काढा. मनोरा पुढे घ्या."

मनोरा पुन्हा पुढे यायला चाळीस मिनिटं लागली. एवढा वेळ त्या बेटावर कोणी तिला एक वाकडा शब्द बोललं नाही. लिफ्टवाल्याने दार धरून ठेवलं, सुरक्षावाल्याने न सांगता तिची टोपी नीट केली. दह्याच्या वाटीएवढं ते विटकं झाकण सतरावर निमूट बसलेलं होतं. चेंगम्माने ते काढलं, आतलं तोंड बॅटरी लावून बघितलं, मस्तानलाही बघायला लावलं. मग उरलेली सत्तावीस तोंडंही दोघांनी बोट लावून पुन्हा तपासली.

पाच चाळीसला यान उडालं. आधी उजेड आला, मग बऱ्याच वेळाने आवाज आला आणि शेडचे पत्रे थरथरले. वर जाऊन ते रॉकेटपासून वेगळं झालं, वळलं, सरळ झालं. तीन पॅराशूट उघडले आणि यान समुद्रावर अलगद उतरलं. मस्तानने मोठ्याने शिट्टी मारली. चेंगम्मा पडद्याकडे बघत होती, हात जोडलेले होते, आणि किती हुशार आहेत ही आपली माणसं, असं तिच्या मनात येत होतं. त्या माणसांत तिने स्वतःला धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला बोलावणं आलं. मनोऱ्याचा पास ती हातात घेऊनच गेली. सोमयाजुलूंच्या खोलीत खिडकीपाशी हवाई दलाच्या गणवेशातली एक तरुणी उभी होती. पुढच्या खेपेला त्या खुर्चीत बसायचं होतं ते हिला, निहारिका रौतेलाला.

सोमयाजुलूंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "काल तुम्ही फोन केला नसता तर काय झालं असतं, याचा हिशेब मी रात्रभर करत होतो. पण नियम..."

"नियम बरोबर आहे, सार." तिने पास टेबलावर ठेवला. "मस्तानला घ्या. हात चांगला आहे त्याचा. जीभ तेवढी आवरायला सांगा."

"सर," निहारिका म्हणाली, "यांनी मनोरा चढायचा नाही, एवढाच नियम आहे ना? खाली फोनपाशी बसायला तर बंदी नाही?"

"नाही."

"मग माझ्या यानाचं दार लावायच्या आधी मला यांच्याशी बोलायचंय. यादी काय म्हणते ते मला यंत्र सांगेल. सगळं ठीक आहे की नाही, ते या सांगतील."

सोमयाजुलूंनी पास उचलला, त्यावरचा 'मनोरा' हा शब्द खोडला, 'फोन' असं लिहून सही केली आणि तो परत चेंगम्मासमोर सरकवला.

चेंगम्माने पासला हात लावला नाही. ती त्या पोरीकडे बघत राहिली.

"आणि फोनवर मी 'ठीक नाही' म्हटलं तर?"

"तर मी यानातून खाली उतरेन, अम्मा."