उजवं फूल

“कुठलंबी एक उचला की अप्पा! गाडी यायची वेळ झाली.”

“कुठलंबी म्हणजे देवीचं न्हवं,” परातीवरून मान न उचलता वीरभद्रप्पा म्हणाले.

परातीत पांढऱ्या कण्हेरीची वाळलेली फुलं होती. पाकळी न् पाकळी शाबूत. त्यातलं एक देवीचं, बाकीची सोबतीची. कोणतं कोणतं हे आता फक्त देवीलाच ठाऊक होतं, आणि ती आपल्या बाजूनं एकदा बोलून मोकळी झाली होती.

दाक्षायणीनं कपाळावर हात मारला. मिलच्या हजेरी खात्यात ती कारकून होती. गेली सहा वर्षं तिला बघायला माणसं येत होती आणि भाकरी येते का, एवढं विचारून पोहे खाऊन जात होती. दुधनीच्या चन्नवीरनं मात्र विचारलं होतं, “भाकरी करपली तर कुणावर ढकलता?”

“चुलीवर,” ती म्हणाली होती, आणि चारचौघांत फिस्सकन हसली होती. त्यानंतर ती हजेरी लावताना गुणगुणायला लागली. खात्यात लोकांना वाटलं, तिला ताप आलाय.

मग कौल लावला. देवीच्या अंगाला ओलं फूल चिकटवायचं; उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. उजवं पडलं. पण त्याच सुमारास चन्नवीरच्या आईचा, चंद्रव्वाचा, पाय मोडला. तिनं निरोप धाडला : ऐकीव कौल मी मानत न्हाय. पडलेलं फूल जपून ठेवा, पाय बरा झाला की बघायला येते.

पाय बरा व्हायला दोन महिने लागतात. फुलाला एवढी सवड नसते.

सोलापूरच्या उन्हात माणूस वाळतो, भिंत वाळते, म्हैस वाळते. कण्हेर मात्र उन्हात ठेवली की तिचा पापड व्हायचा आणि सावलीत ठेवली की ती काळी पडायची. देवीचं फूल ओल्या फडक्यात गुंडाळून वीरभद्रप्पांनी दुसऱ्या फुलांवर हात बसवायला घेतला. मिठात पुरलं, लोणचं झालं. दाक्षायणीची नवीकोरी पावडर ओतून त्यात पुरलं. फूल गेलं, पण वास फार चांगला आला. शेवटी वाळू चाळली, तव्यावर भाजली, गार केली आणि चमच्यानं पाकळ्यांमधे भरली. जमलं! मग देवीचं फूल डब्यात ठेवलं आणि ते एकटं नको, सोबत असावी, म्हणून आणखी ताजी फुलंही त्याच डब्यात पुरली.

तो डबा आज सकाळी उघडला होता.

“त्यातलं जरा शहाणं दिसतंय ते घ्या,” स्वयंपाकघरातून दाक्षायणीची आई, बसव्वा, म्हणाली. ती रेशनच्या साखरेचा शिरा करत होती. दुष्काळात काजू कुठून आणले, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

“अप्पा, तुमच्या पाया पडते. त्यांना काय कळतंय?”

“मला कळतंय की.”

चंद्रव्वा काठी टेकत आली. मागं चन्नवीर, हातात तिची पिशवी. पाण्याचा तांब्या पुढं येण्याआधीच वीरभद्रप्पांनी परात पुढं केली.

“ह्यातलं एक देवीचं हाय. कुठलं ते मला सांगता यायचं न्हाय.”

दाक्षायणीनं डोळे मिटून घेतले.

चंद्रव्वानं परातीत वाकून पाहिलं. “समद्यांनीच कौल दिला म्हणायचा?”

“न्हाय. एकानंच.”

“मग परत लावू. आत्ताच. मी समोर बसते.”

“चला की,” बसव्वा पदराला हात पुसत बाहेर आली.

दाक्षायणी उठली नाही. तिनं चन्नवीरकडं पाहिलं. “तुमी काय म्हणता?”

त्यानं फुलांकडं पाहिलं, आईच्या पायाकडं पाहिलं, मग वर पत्र्याकडं पाहिलं. तिथं काही लिहिलेलं असावं तसं तो बराच वेळ वाचत राहिला.

“अव्वा म्हणंल तसं.”

“न् डावं पडलं तर?”

“अव्वा म्हणंल तसंच की.”

“मग देवीला कशाला तरास?” दाक्षायणी म्हणाली.

तो हसेल, असं तिला क्षणभर वाटलं. तो पिशवी या हातातून त्या हातात घेत होता.

“लई बोलती पोरगी,” चंद्रव्वा म्हणाली आणि काठी सावरून उठली. दुधनीची गाडी लगेच होती.

बसव्वा पदर डोळ्यांना लावून आत गेली. वीरभद्रप्पा परातीजवळ उभे होते. फुलं आता वर्षानुवर्षं टिकणार होती, हीच अडचण होती.

“मी एक उचलायला पायजे होतं,” ते म्हणाले.

पाहुण्यांनी न शिवलेली बशी दाक्षायणीनं ओढून घेतली, मांडी घातली आणि शिरा खायला लागली. आधी काजू वेचून खाल्ले. वीरभद्रप्पा दुसरी बशी घेऊन समोर बसले. थोड्या वेळानं त्यांनी आपल्या बशीतला काजू काढून तिच्या बशीत ठेवला.

तिनं तो खाल्ला.