चौथ्या पायाची चूक

मी एक लाकडी खुर्ची बोलतेय. दिसायला साधीच, पण टीव्हीवर तुम्ही मला पाहिलं असणार. त्या मालिकेत एक फौजदार आजच्या पोलीस चौकीतून थेट तीस वर्षं मागच्या चौकीत जाऊन पडतो ना, तिथली त्याची खुर्ची मीच.

मला घडवलं सेटच्या मिस्त्रींनी. आम्ही जुळ्या बहिणी. ती आजच्या चौकीसाठी, मी जुन्या चौकीसाठी. घाईघाईत माझा चौथा पाय बोटभर आखूड राहिला. मिस्त्रींच्या लक्षात आलं, तोवर चित्रीकरण सुरू झालं होतं.

फौजदाराचं काम करणारे नट माझ्यावर बसले आणि मी डुगडुगले. दुसरा कुणी असता तर आरडाओरडा केला असता. हे मात्र दचकले, खाली बघून पुटपुटले, "आलो वाटतं परत मागे." झालं! दिग्दर्शक बाईंनी ते तसंच ठेवलं. तेव्हापासून खुर्ची डुगडुगली की काळ मागे गेला, हे प्रेक्षकांना पाठच झालं.

मिस्त्रींना याचा पत्ताच नव्हता. मालिका लागायची तेव्हा ते पुढचा सेट ठोकत असायचे. करवत घेऊन माझ्याकडे वळले की दिग्दर्शक बाई ओरडायच्या, "मिस्त्री, तिला हात लावायचा नाही!" बिचाऱ्यांना वाटायचं, बाई रागावल्यात, आता पुढचं काम काही मिळत नाही.

एक दिवस त्यांना ऑफिसात बोलावणं आलं. मलाही उचलून नेलं. मिस्त्रींच्या तोंडचं पाणी पळालं.

"परदेशात तीन ठिकाणी आपली मालिका नव्यानं बनतेय," बाई म्हणाल्या. "तिथल्या सुतारांना ही खुर्ची जमेना. एक तर बसल्याबरोबर उलटली, नट आपटला. पाय किती आखूड ठेवायचा, तुम्हीच सांगा."

मिस्त्रींनी माझा आखूड पाय चाचपला. मग एकदम म्हणाले, "बाई, खोटं कशाला बोलू? ते मुद्दाम नव्हतं. चुकलं होतं माझं."

"अहो, माहितीये! पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग ओरडायचात कशाला?"

"तुम्ही ती दुरुस्त कराल म्हणून!"

मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. माझा तर त्यांच्याहून जास्त. वर्षभर करवत दिसली की मला घाम फुटायचा.

आता मालिका संपली. मिस्त्रींनी मला मागून घेतलं आणि आपल्या कारखान्याच्या दाराशी ठेवलंय. गिऱ्हाईक बसतं, डुगडुगतं आणि म्हणतं, "मिस्त्री, निदान स्वतःची खुर्ची तरी नीट करा!" मिस्त्री छाती फुगवून सांगतात, "चूक आहे ती माझी. बसा आरामात."

तुम्हीही या कधी. पडू देणार नाही, हा माझा शब्द.