फाकलेल्या बोटांचा क्रूस

मित्रांनो, मी एक जुना सागवानी क्रूस आहे. अकरा वर्षं मी एका कोठीत जांभळ्या फडक्याखाली उभा होतो, तेव्हा बोलताना जरा चिडलो तर मनावर घेऊ नका.

निजामाविरुद्धची पोलीस ॲक्शन होऊन दोन वर्षं झाली होती. औरंगाबादच्या छावणीतल्या त्रिंबक सुतारानं मला घडवलं. त्यानं जन्मात चर्चची पायरी चढलेली नव्हती. क्रूस करवून घेणाऱ्या फादरांनी त्याला समजावलं, "नुसते दोन वासे नकोत. त्यावर खिळलेला प्रभू हवा. आपल्यासाठी त्यानं किती सोसलं, ते माणसांना दिसलं पाहिजे."

त्रिंबकनं मन लावून प्रभू कोरला, पण पायांची बोटं फाकलेली काढली. फादर हसले, तर तो म्हणाला, "तुमचा देव अनवाणीच हिंडला ना? मग बोटं अशीच होत्यात. माझ्या बापाची बघा."

गंगापूरकडच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये मला वेदीच्या मागं, मधोमध लावलं. तोंड माणसांकडं. मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, चालू असताना प्रत्येकाची नजर प्रभूवर जावी, म्हणून ती जागा. गुड फ्रायडेला मला खाली उतरवत आणि लोक गुडघे टेकून प्रभूच्या पायांचं चुंबन घेत. गावातली साळूबाई सगळ्यांत शेवटी यायची. आधी बोटं चाचपायची, मग ओठ टेकायची. काय सांगू, त्या एका दिवसासाठी मी वर्षभर थांबत असे.

गुड फ्रायडेच्या आधी काही दिवस मला जांभळ्या फडक्यानं झाकत. ते त्या दिवशीच काढायचं, तोवर कुणी हात लावायचा नाही, असा रिवाज. एका वर्षी मी झाकलेला असतानाच प्लास्टरचा नवा क्रूस आला. गोरापान, गुळगुळीत! झाडलोट करणाऱ्या आशाबाईनं मला फडक्यासकट कोठीत ठेवलं. साळूबाई त्याच वर्षी लेकीकडं शेंद्र्याला राहायला गेली होती.

झालं! मेणबत्त्या न्यायला जो कुणी येई, तो जांभळं फडकं पाहून हात जोडी आणि दार लावून घेई. अहो, हा मान देताय की कोंडून ठेवताय? भिंतीपलीकडून गाणी ऐकू यायची. मला फार एकटं वाटायचं. साळूबाई जिवंत तरी आहे का, एवढंच कळावं असं वाटे.

अकराव्या वर्षी गुड फ्रायडेला पलीकडं गलबला झाला. साळूबाई परतली होती, डोळे पार गेलेले.

"हे पाय माझ्या देवाचं नाय," ती म्हणत होती. "हे तर बूट घालणाराचं पाय हायेत!"

"आजी, देव तोच आहे," नवे फादर म्हणाले.

"व्हय, देव त्योच. पन आमचा क्रूस कुठं टाकला?"

"अगं बाई!" आशाबाईचा आवाज आला. "कोठीत हाय की. फडकं काढायचं ऱ्हाऊनच गेलं!"

दार उघडलं. सवयीनं सगळे हात जोडून उंबऱ्यातच थांबले. साळूबाईला फडकं दिसतच नव्हतं. तिनं सरळ त्याखाली हात घातला, बोटं चाचपली आणि तिथंच खाली बसून रडली. "लई वर्सं उभा ठिवला रं तुला," म्हणाली.

आता मी पुन्हा वेदीमागं आहे. साळूबाई त्याच उन्हाळ्यात देवाघरी गेली. गुड फ्रायडेला रांग संपते, तरी मी अजून कुणीतरी यायचं आहे असं समजून थांबतो.

मित्रांनो, कुणी असं झाकून ठेवलेलं दिसलं, तर नुसते हात जोडून माघारी फिरू नका. फडकं काढा. आत कुणीतरी वाट पाहत असतं.