मागच्या रांगेचं जेवण

"अकरा पदार्थ! आणि खाणार कोण? तू, मी आणि तो मोजणीवाला?" जोनेलने टेबलावरच्या भांड्यांवरून नजर फिरवली आणि कपाळावर हात मारला. "मावशी, चर्चचा वार्षिक मेळा ऑगस्टात असतो. आत्ता एप्रिल चाललाय."

"चवळी नीस," आर्डेलिया म्हणाली. "तोंड चालवायला मी नको म्हटलंय का? पण हातही चालू दे."

मिस आर्डेलिया बकहाल्टरचं वय एकाहत्तर. चौतीस वर्षं तिने तालुक्याच्या शाळेत मुलांचं जेवण रांधलं. लग्न केलं नाही. रविवारी चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसायचं, पाळक बोलता बोलता सुरात शिरले आणि प्रवचनाचं गाणं झालं की डोळे मिटून डोलायचं, आणि सोमवारी पुन्हा कढया घासायला लागायचं. अलाबामाच्या त्या कोपऱ्यात तिच्याबद्दल याहून जास्त कुणाला काही सांगता आलं नसतं.

पण गुरुवारी तिची मान खाली गेली होती. चर्चमागच्या कबरस्तानाला लागून जाणारा रस्ता रुंद होणार होता. मोजणीचे मिस्टर प्रुइट आले, टोपी काढून बोलले, माणूस सभ्य. पुढच्या रांगांना दगड आहेत, नावं आहेत, त्यांचा प्रश्न नव्हता. मागच्या रांगेला मात्र दगड घ्यायची ऐपत कुणाची नव्हती. तिथे गेलेल्या माणसाने शेवटचा वापरलेला कप, फुटकी बशी, शिंपले असलंच काही ठेवलेलं, आणि तेही मातीने गिळलेलं. ज्याचं नाव आणि जागा सांगता येईल त्याला कुंपण मिळेल, बाकीची जमीन रस्त्यात जाईल, असा नियम होता. आता जुन्यांपैकी आर्डेलिया आणि चर्चचा सेवक डीकन होझिया मिम्स एवढेच उरलेले, आणि होझियाला लहानपणीच वडिलांनी कामाला शहरात धाडलेलं. आर्डेलियाने सुरुवात केली, "हे एलायकाका... नाही, सुझॅनाआत्या... थांबा हं." तीनदा चुकली. प्रुइटनी हळूच वही मिटली. "शनिवारी दुपारी येतो, मॅडम. तोवर आठवून ठेवा."

घरी येऊन ती चुलीपाशी रडली नाही. तिने चवळी शिजत घातली, आणि वाफ नाकात शिरल्याबरोबर तिला आईचा आवाज ऐकू आला: "चवळी एलायच्या पायाशी!"

मेळ्याचं जेवण पूर्वी उघड्यावर व्हायचं. दोन ओक झाडांच्या मध्ये फळ्या ठोकलेलं लांबलचक टेबल, बरोबर मागच्या रांगेच्या पायथ्याशी. ज्याचं माणूस जिथे निजलेलं, त्या घराचं भांडं तिथेच. कुणी शिकवलं नाही, कुणी लिहिलं नाही. चुकीच्या जागी भांडं ठेवलं की हातावर चापट बसायची, तेच शिक्षण. वीस वर्षांपूर्वी चर्चला थंड हवेचा हॉल झाला, जेवण आत गेलं, आणि बाहेरचा क्रम हवेत विरला. आर्डेलियाच्या डोक्यातून नावं निसटली होती. हातांतून पदार्थ निसटले नव्हते.

"आणि हे काय?" जोनेल किंचाळली. "बटाट्याच्या सॅलडमध्ये मनुका? मावशी, तू आजारी आहेस का?"

"मेळ्याला लिओथाच्या घरून यायचं ते. तिच्या आज्याची कबर आहे सातवी. मनुकांशिवाय त्याला ओळखायचं कसं?"

"अगं, पण ते कुणी खायचंच नाही!"

"म्हणून तर सगळ्यांच्या लक्षात राहिलं." आर्डेलियाने मनाविरुद्ध मूठभर मनुका घातल्या आणि वर पाहून देवाची माफी मागितली.

शनिवारी दुपारी ओक झाडांमध्ये चर्चची घडीची टेबलं लागली. मिस्टर प्रुइट वही, खुंट्या आणि हातोडी घेऊन ठरल्याप्रमाणे आले. डीकन होझिया काठी टेकत आला. वय ब्याऐंशी, बाप पाळक होता, त्यामुळे साधं बोलणंही सुरात.

"वास आला म्हणून आलो. कोण मेलं?"

"सगळेच मेलेत, ब्रदर होझिया. बसा आणि चुकलं तर सांगा."

तिने पहिलं भांडं ठेवलं: धुरावलेल्या हाडाबरोबर शिजवलेली पालेभाजी. "सुझॅना बकहाल्टर." प्रुइटनी समोरच्या मातीत लोखंडी सळई रोवली. खणलेली जमीन शंभर वर्षांनीही मऊ राहते. सळई सरळ आत गेली. त्यांनी लिहिलं, खुंटी ठोकली. मग कोंबडीच्या रश्शात सोडलेली कणकेची फळं. "मोझेल टार्व्हर." सळई आत गेली. तळलेली भेंडी, "जोसाया टार्व्हर." चवळी, "एलाय बकहाल्टर." तोवर होझियाच्या गळ्याने ठेका धरला होता. प्रत्येक नावामागे तो बापाच्या चालीत म्हणायचा, "प्रभूच्या वहीत आहे गं, प्रभूच्या वहीत आहे," आणि प्रुइटच्या हातोडीचा ठोका आपोआप त्यावर पडू लागला. मिस्टर प्रुइटना हे कळलं नसावं.

जोनेलने मक्याच्या पावाचं भांडं चवळीला चिकटवून ठेवलं. आर्डेलियाने फाटकन तिच्या हातावर मारलं.

"आई गं! का?"

"तिथे नाही. थोडं पलीकडे. मध्ये जागा सोडायची."

"कशाला?"

"माहीत नाही. आई सोडायची. मला वाटायचं, सरबताच्या भांड्यासाठी असेल."

एकेक करत अकरावं भांडं लागलं, पीचचं गोड. अकरा खुंट्या उभ्या राहिल्या. जोनेलने टाळ्या वाजवल्या. पण प्रुइट परत मागे गेले, चवळी आणि मक्याच्या पावामध्ये थांबले, आणि सळई रोवली. ती आत गेली. आजूबाजूला चार ठिकाणी टोचून पाहिलं.

"इथे एक आहे, मॅडम. लहान आहे. दीड हातभर."

होझियाचं गाणं थांबलं होतं. त्याने टोपी काढली.

"मी दहा वर्षांचा होतो," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या बोलण्यात सूर नव्हता. "बापाने खड्डा खणला, पेटीचं झाकण मी धरलं. तुझ्या आधीची होती ती. तीन दिवस जगली."

"मला कधी कुणी..."

"तुझ्या आईसमोर तो विषय काढायची कुणाची छाती होती? तीन दिवसांचं लेकरू. काही खाल्लंच नाही, तर ती भांडं कसलं ठेवणार?"

प्रुइटनी घसा खाकरला. "वाईट वाटतं, पण नाव लागेल. नावाशिवाय मला ही जागा कुंपणात घेता येत नाही."

"आर्डेलिया," होझिया म्हणाला.

"काय?"

"तुला नाही म्हटलं. तिचं नाव सांगितलं. वर्षाने तू झालीस, तर तुझ्या आईने तेच परत ठेवलं."

वाऱ्याने टेबलावरच्या कापडाची कड उचलली. जोनेल पुढे झाली होती, ती आर्डेलियाचा चेहरा बघून जागच्या जागी थांबली. आर्डेलियाने ॲप्रनच्या टोकाने तोंड पुसलं आणि पाठ ताठ केली.

"लिहा," ती म्हणाली.

प्रुइटनी लिहिलं. बारावी खुंटी ठोकली. मग कागदाच्या तळाशी बोट ठेवून त्यांनी विचारलं, "माहिती देणाऱ्याचं नाव?"

"आर्डेलिया बकहाल्टर."

त्यांनी मान वर केली. पेन कागदाच्या वर अधांतरी राहिलं.

"बघता काय, मिस्टर प्रुइट? दोन जणी आहोत, तर दोनदा लिहा."

त्यांनी दुसऱ्यांदा लिहिलं. आर्डेलिया टेबलाशी गेली. चवळी आणि मक्याच्या पावामधल्या मोकळ्या जागेवर तिने तळहात टेकवला, क्षणभर तसाच ठेवला. मग मक्याच्या पावाचं भांडं तिने आणखी चार बोटं पलीकडे सरकवलं.