दवाखान्यातला ठराव

धुळाजीला कुठं बोलावं आणि कुठं गप बसावं हे जन्मात कळलं नाही, असं भिवराबाईचं मत होतं; आणि मत पोटात ठेवणारी ती बाई नव्हती. धुळाजी तिचा धाकटा दीर, गावच्या दूध सोसायटीचा चेरमन. त्या साली पाऊस मिरगात तोंड दाखवून गेला तो पुन्हा फिरकला नाही. गुरं सगळी पाटोद्याकडच्या चारा छावणीत. गावात चहात घालायला दुधाचा टिपूस नव्हता, पण चेरमन होता. रोज सकाळी इस्त्रीची कापडं घालून रिकाम्या कॅनांपुढं बसत होता.

त्या दिवशी छावणीत पाण्याचा हंडा उतरवता उतरवता भिवराबाईची सून मुक्ता खाली बसली, ती उठेचना. सहावा महिना अजून सरला नव्हता आणि कळा सुरू. जीप बघून तिला बीडच्या दवाखान्यात आणली. मागोमाग दुसरी जीप करून धुळाजी आला, सोबत सोसायटीचे चार पंच. बाळंतपण नव्हे, जसं काही उद्‌घाटनच होतं.

डॉक्टरीण पोरसवदा होती. बाहेर येऊन म्हणाली, "बाळ आजच येणार. थांबवता येत नाही."

"जगंल का?" धुळाजी पुढं सरला.

"खात्री देता येत नाही. मी आईला तपासून येते, मग बोलू."

एवढं चेरमनला पुरलं. ती आत जाते न जाते तोच त्यानं व्हरांड्यातल्या बाकड्यावर सभा भरवली.

"मंडळी, इषय असाय. लेकरू कच्चं हाय. जगायची खात्री न्हाई. मग काचंच्या पेटीत घालून, नळ्या लावून, कशापायी हाल करायचे? पुढल्या साली दुसरं हुईल. मान्य असंल त्यांनी हात वर करा."

बंकट सेक्रेटरीचा हात विषय निघायच्या आधीच वर होता, सवयच तशी. बाकीच्या पंचांचे हात त्याच्या मागून. बाळाचा बाप रामहरी फरशीकडं बघत बसला होता. चुलत्यानं खाकरलं तसा त्याचा हात कोपरापर्यंत आला आणि तिथंच अडकला. चेरमननं तोही धरला.

भिवराबाईला राग आला, पण वेगळाच. सोयरीक जमवण्यापासून कडबा रचण्यापर्यंत त्या घरात तिचाच शब्द चालायचा, आणि इथं तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. "माज्या नातवंडाचा निकाल आता बंकट लावनार व्हय?" ती कडाडली. तेवढ्यात डॉक्टरीण परत आली.

"म्याडम, सर्वानुमते ठरलंय," धुळाजी म्हणाला. "पेटी नगं."

"बाळाच्या आईचं मत काय आहे?"

"तिला काय कळतंय? ती कळा देतीया."

"खरंच, तिला नका सांगू," भिवराबाईही मधे पडली. "आदीच भ्यालीय पोर. मला सांगा. मी थोरली हाय."

"आजी, तुम्हीही चला. पण मी बोलणार तिच्याशी."

आत डॉक्टरीण स्टूल ओढून मुक्ताच्या उशाला बसली. "मुक्ता, तुझं बाळ माझ्या दोन तळहातांत मावेल एवढंच आहे. फुफ्फुसं कच्ची आहेत. अशा दहा बाळांतली दोन-तीन घरी जातात. त्यातही कुणाची नजर अधू होते, कुणाचं चालणं-बोलणं मागं पडतं. एक वाट अशी, की पेटीत ठेवून, नळी लावून झटायचं. दुसरी, नळ्या न लावता तुझ्या अंगावर उबेला ठेवायचं, असेल तितका वेळ, आणि त्याला त्रास होऊ द्यायचा नाही. यातली कुठलीच वाट चुकीची नाही. आज पेटीत ठेवलं, तरी पुढं नळ्या काढून थांबता येतं. तुला काय वाटतं?"

"तिला काय वाटनार—" भिवराबाईनं तोंड उघडलं, तसं मुक्तानं तिचं मनगट धरलं. त्या काटकुळ्या बोटांत पेरणीची तिफण दाबायची ताकद होती.

"नळीनं दुखतं का हो?"

"दुखतं. त्यावर औषध देतो आम्ही."

"मला बघता यील?"

"रोज. हातही लावता येईल."

मुक्ता सासूकडं वळली. "आत्या, तुमी काय म्हनता?"

आता आली पंचाईत! गावात कुणी न विचारता सल्ला देणारी बाई, आज विचारल्यावर मुकी झाली. मग म्हणाली, "मुक्ते, कुनाची गाय कवा इनंल ते मी लांबूनच सांगते. ह्ये मला न्हाई सांगता येत. तुजं तू बोल. तू म्हनशील तिथं मी हुबी ऱ्हाते."

एक कळ आली, गेली. मग मुक्ता म्हणाली, "त्यानं धडपड केली तर पेटीत ठिवा. लईच दमलं तर थांबा. आन् न्हाईच जगलं, तर परस्पर फडक्यात गुंडाळून न्हेऊ नका. आमच्यात आईला दावीत न्हाईत. मला दावा. कुशीत द्या."

भिवराबाईनं खिडकीकडं तोंड केलं. तिचंही पहिलं असंच परस्पर नेलं होतं. मुलगा की मुलगी, तेसुद्धा तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हाही घरातल्या पुरुषांचं एकमतच झालं होतं.

दिवस कलायच्या आत मुलगी झाली. मांजरीच्या पिलासारखी बारीक चिरकली, मूठ झाडली, आणि नर्स तिला पेटीकडं घेऊन पळाली.

भिवराबाई बाहेर आली तर धुळाजी फोनवर. "हां, वढ्याच्या कडंला घ्या. लई मोठा नगं, हातभर बास."

"कशाचं चाललंय, भावजी?"

"खड्ड्याचं, वैनी. येळंवर धावपळ नगं. सोय करून ठिवलेली बरी."

रामहरी ताडकन उठला. भिवराबाईनं त्याला हातानंच आत पिटाळलं, "जा, लेक झालीया तुला, जित्ती हाय." मग तिनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं बोलली:

"चेरमन, आयका. हिरीतला गाळ काढा म्हनून बाया दोन साल तुमच्या दारात बसल्या, तवा तुमाला ना खोरं घावलं ना मानूस. आन् माज्या नातीचा खड्डा दोन घंट्यात? तिची माय आत तिचा एकेक सास मोजतीया, आन् तुमी हितं माप सांगताय! फोन लावा, बुजवाया सांगा तो. पोरगी वाचली तर बारशाला येऊ नका, आन् गेली तर मातीला येऊ नका. जित्या लेकराची माती उरकनारा दीर मला नगं."