टेस्ट – पुसू नये

शुक्रवार पेठेत गुरुशांतअण्णांचं व्हिडिओचं दुकान अजून आहे, म्हणजे पाटी आहे. पाटीखाली मोबाईलची कव्हरं मिळतात. मागच्या खोलीत अण्णा आणि त्यांची यंत्रं राहतात. दोघांनाही कुणी फारसं विचारत नाही.

एके काळी अर्ध्या सोलापूरची लग्नं अण्णांनी शूट केली. त्यातली काही मोडली, पण कॅसेटी टिकल्या, असं ते अभिमानानं सांगत. आता कॅसेटींनाही बुरशी लागली, त्यामुळे ते सांगणं बंद झालंय.

मी कॉलेजात असताना त्यांच्याकडे लाइट धरायचो. हल्ली पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणजे हजेरी घेतो. श्रावणात अण्णांचा फोन आला.

"मास्तर, अमिगा चालू करायचाय."

अमिगा म्हणजे कीबोर्डच्या पोटात मावलेला जुना कम्प्युटर. लग्नाच्या कॅसेटवर नवरानवरीची नावं फिरवत आणायची, मागून गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या, एवढ्यासाठी तो घेतलेला. चालवायची अण्णांची बायको, गुरम्मावहिनी. अक्कलकोटला दहावीपर्यंत शिकलेली. त्या मशीनला मराठी अक्षरं येत नव्हती म्हणून वहिनींनी एकेक ठिपका देत अख्खी मुळाक्षरं काढली. 'ज्ञ'ला चार दिवस लागले. पुढं ज्ञानेश्वर नावाचा एकच नवरदेव आला, आणि त्यानं निमंत्रणात नाव 'माऊली' छापलं होतं.

वहिनी जाऊन चौदा वर्षं झाली.

अण्णांच्या उजव्या डोळ्यानं मागच्या वर्षी काम थांबवलं. डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, काचबिंदू पुढं गेलाय, जे बघायचंय ते यंदा बघून घ्या. डॉक्टरांच्या मनात काशी-रामेश्वर असावं. अण्णांना वहिनी बघायच्या होत्या. हसताना.

भिंतीवर वहिनींचा फोटो आहे, मतदार ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात त्या गुन्हा कबूल करून आल्यासारख्या दिसतात. लग्नाच्या फोटोंत मान खाली आहे. शेकडो लग्नं शूट केलेल्या माणसाकडे बायकोचा याहून बरा फोटो नाही, कारण ती कायम मॉनिटरकडे तोंड करून बसलेली असायची. पुण्याहून रुपालीनं, म्हणजे मुलीनं, तोच फोटो मोबाईलच्या ॲपमध्ये घालून हसवून पाठवला. वहिनींना एकदम बत्तीस पांढरेशुभ्र दात आले. अण्णांनी मोबाईल डाव्या डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघितला आणि तिला फोन लावला.

"कोण गं ही? तुझी सासू का?"

खरं हसू एका फ्लॉपीवर होतं. कॅमेऱ्याचं चित्र अमिगात घ्यायची पेटी नवी आणली तेव्हा टेस्ट म्हणून वहिनींना समोर बसवलेलं. अण्णा काहीतरी बोलले, त्या हसल्या, तेवढ्यात चित्र घेतलं गेलं. काळं-पांढरं, सोळा छटांचं. वहिनींनी त्याच्याखाली आपल्या ठिपक्यांच्या अक्षरात 'टेस्ट' लिहिलं आणि फ्लॉपीवर चिठ्ठी चिकटवली: टेस्ट – पुसू नये.

"मी काय बोल्लो हुतो ते आठवत न्हाय," अण्णा म्हणाले. "तोंड दिसलं की आठवंल."

"इतकी वर्षं का नाही बघितलं?"

"तवा बगवत नव्हतं." त्यांनी चष्मा काढून पुसला, जणू प्रश्न चष्म्याचा होता.

मी सुचवलं की मधे एक डबी लावली तर अमिगा नव्या टीव्हीलाही जोडता येतो.

"नव्या टीव्हीत तोंड पसरतंय. ती काय फुगलेली नव्हती. ह्याच्यावरच बगायचं."

हा, म्हणजे कोपऱ्यातला प्रोफेशनल मॉनिटर. एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या लिलावातून आणलेला, चौदा इंची, वजनाला ज्वारीच्या पोत्याएवढा. पाठीमागं चार गोल सॉकेटं. तीन रंगांची, आणि चौथं सिंकचं. रंग तिन्ही वायरींतून येतात, पण चित्र कुठून सुरू करायचं ते चौथी सांगते. ती नसली तर रंग सगळे असतात, चित्र नसतं.

मूळ वायर सापडली नाही. अमिगाच्या मागं तेवीस पिनांचं सॉकेट आहे, आणि तेवीस पिनांचा जोड जगात आता कुणी बनवत नाही. नव्या पेठेतला दुकानदार म्हणाला, "पंचवीसचा न्या की सर. दोन वर राहू द्या." वर राहत नाहीत. मी पंचवीसचा आणून करवतीच्या पात्यानं दोन पिना कापून काढल्या. वीस वर्षांच्या अध्यापनात मी केलेलं हे एकमेव प्रात्यक्षिक.

गोल सॉकेटात बसणाऱ्या पिना हल्ली फक्त सीसीटीव्हीवाल्यांकडे मिळतात. म्हणून कल्लप्पाकडे गेलो.

"कॅमेरा कुटं बसवायचा सर?"

"बसवायचा नाही. जुनं बघायचंय."

"किती जुनं?"

"तीस वर्षं."

कल्लप्पानं पिना कागदात बांधल्या. "आपल्याकडं पंधरा दिवसाच्या वर काय राहत न्हाय," तो म्हणाला, आणि तेही दुःखानं नाही.

तीन आठवडे रोज संध्याकाळी मी अण्णांकडे जाऊन वायरींना सोल्डरचे डाग देत होतो. पिनांचा नकाशा मोबाईलवर, चष्मा कपाळावर. मी काय करतोय ते अण्णांना दिसत नव्हतं, पण वासावरून कळायचं. "जास्त तापवलास," ते म्हणायचे. बरोबर असायचं.

चौथ्या रविवारी सकाळी वायर जोडली. पडद्यावर हिरव्या रेघा खालून वर धावायला लागल्या.

"धावतंय का?"

"धावतंय."

"मागं बटण हाय, सिंकचं. आतलं-बाहेरलं. बाहेरल्यावर कर."

बटण गंजलं होतं. पक्कडीनं ढकललं. रेघा एकदम थांबल्या, जवळ आल्या, आणि पांढऱ्या पडद्यावर एक हात उभा राहिला. हातात निळी फ्लॉपी. अमिगा चालू झाला की असंच फ्लॉपी मागतो. तीस वर्षांनीही त्यानं दुसरं काही मागितलं नाही.

अण्णा पडद्यापासून वीतभर अंतरावर आले. "हात हाय," म्हणाले. मग उठून आंघोळीला गेले.

आम्ही सगळं तपासलं होतं, फ्लॉपी सोडून. ती देवघरात होती, पांढऱ्या फडक्यात, आणि मॉनिटर चालू दिसल्याशिवाय तिला बाहेर काढायचं नाही अशी अण्णांची अट होती. मी इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर. आधी साधन तपासावं, मग जोडणी करावी, हे दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहितो. पण देवघरातल्या वस्तूला साधन कसं म्हणायचं?

ओल्या केसांनी अण्णा आले. फडकं सोडलं. फ्लॉपी मला न देता स्वतःच चाचपत खाचेत सरकवली. खटकन बसली.

घर्रर्र. खट्. खट्. घर्रर्र.

हात गेला. पडदा नुसता पांढरा राहिला. मग हात परत आला.

पुन्हा घातली. हात परत आला. तिसऱ्यांदा ड्राइव्हमधून खरवडल्यासारखा आवाज आला, तेव्हा मी फ्लॉपी काढून घेतली आणि तिचा पत्रा सरकवला. हा पत्रा आतल्या चकतीचं धुळीपासून रक्षण करतो. आत चकती काळी असते, आरशासारखी. ही राखाडी होती. तिच्यावर बारीक रेघा होत्या, तीन-तीनच्या ओळींत, आणि मधेमधे लाल डाग.

मी कापसावर स्पिरिट घेऊन ड्राइव्हचं हेड, म्हणजे चकती वाचणारं टोक, पुसलं. कापूस राखाडी झाला, आणि मधे लाल.

खंडेनवमीला अण्णांच्या दुकानात यंत्रांची पूजा असते, हे मला माहीत होतं. कॅमेऱ्याला विभूती, व्हिडिओ मिक्सरला विभूती, ट्रायपॉडच्या तिन्ही पायांना वेगवेगळी. लाइट मी धरायचो म्हणून एकदा माझ्याही कपाळाला लागली होती. पण ती वरवर लागायची.

"जुनी फ्लॉपी आहे अण्णा," मी म्हणालो. "बुरशी धरते. हवेचा दोष."

"कापूस दे बरं."

मी दिला. त्यांनी बघितला नाही, हुंगला.

"विभूती हाय ही."

"थोडी आहे."

"वरनं लावून काय उपेग मास्तर? वरनं प्लास्टिक. ती आत हाय की." अण्णा अगदी शांतपणे समजावत होते, मीच चुकल्यासारखं. "पत्रा सरकवायचा. बोटं मावत न्हाईत, म्हणून उदबत्तीच्या काडीनं तीन रेघा. ओली विभूती. मग कुंकू. चौदा वर्षांत एक दसरा चुकला न्हाय. कोरोनात बी."

"दरवर्षी त्याच जागी?"

"छ्या. चकती जरा फिरवायची. कोरी जागा बगून."

मग मला आठवलं की वहिनी सगळ्याची दुसरी प्रत काढून ठेवत. "दुसरी कॉपी असेल ना?"

"हाय की." अण्णांनी फडक्याची दुसरी घडी उलगडली. तेच अक्षर, तीच चिठ्ठी. मी पत्रा सरकवला आणि परत लावला.

"एकीला करायची, एकीला न्हाय, असं कसं चालंल?" अण्णा म्हणाले.

बाहेर कुणीतरी मोबाईलच्या कव्हराचा भाव करत होतं. अण्णांनी दोन्ही फ्लॉपी फडक्यात ठेवल्या, गाठ मारली, सोडली, परत मारली.

"पयल्या दसऱ्याच्या आदी बगितलं असतं, तर दिसली असती?"

"सांगता येत नाही," मी म्हणालो. सांगता येत होतं.

मग ते माझ्याकडे वळले. "तू हुतास की रं. टेस्ट घेतली तवा लाइट तूच धरला हुतास."

"हो."

"मग सांग. कशी हसली?"

मी होतो, हे खरं. तो दिवस मला आठवत होता. हजार वॉटचा लाइट, खोलीत भट्टी, वहिनींची जांभळी इरकल. डाव्या गालावर नाकाची सावली पडत होती, ती ओठावर येऊ नये म्हणून मी हात वर करून उभा होतो. लाइट धरणाऱ्यानं चेहरा बघायचा नसतो, सावली बघायची असते, हे अण्णांनीच मला शिकवलं होतं. मी अत्यंत मन लावून सावली बघितली होती. ती अजून दिसते. ती जरा हलली होती.

"अण्णा, मी सावली बघत होतो."

अण्णांनी मान हलवली. "बरोबर केलंस," ते म्हणाले. "ओटावर आली नव्हती ना?"

"नव्हती."

मी अमिगाचं बटण बंद करायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे." ते पडद्याला नाक लागेपर्यंत पुढं झाले. हात तसाच फ्लॉपी मागत उभा होता. अण्णांनी चाचपत मॉनिटरच्या खालच्या बटणांवर बोटं फिरवली. "उजेड लई झालाय. असं गिऱ्हाइकाला देता येत न्हाय."

ते बटण हळूहळू फिरवत गेले. पांढरा पडदा राखाडी झाला. हाताच्या कडा बुडाल्या, मग बोटं, मग ती निळी फ्लॉपी. बटण शेवटापर्यंत जाऊन अडलं. पडद्यावर काही उरलं नव्हतं.

"आता बग," अण्णा म्हणाले. "आता कसं, बरोबर झालं का न्हाय?"

"झालं," मी म्हणालो.